११ मे १९४५ : एका सकाळचे तीन निरोप

१/ समाजमाध्यमांवर अधूनमधून एक जुने छायाचित्र फिरत असते. वैमानिकाच्या पोशाखातील एक कोवळा मुलगा कुत्र्याचे पिल्लू हातात धरून उभा आहे आणि भोवतीचे सोबती हसत आहेत. मुलाचे नाव अराकी युकिओ, वय अवघे १७. छायाचित्र २६ मे १९४५ रोजी टिपलेले. दुसऱ्या दिवशी अराकीचे विमान ओकिनावाच्या दिशेने उडाले आणि परतले नाही. #धागा #इतिहास

२/ या छायाचित्राखाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. एक, "देशभक्ती म्हणतात ती हीच!" दुसरी, "केवढा हा माथेफिरूपणा!" मध्येच कोणीतरी एका "कामिकाझे वैमानिकाच्या अखेरच्या पत्रा"चा अनुवाद चिकटवतो. त्यावर ना नाव असते, ना तारीख. वाचून डोळे पाणावतात आणि चर्चा संपते.

३/ माझे म्हणणे असे आहे की, या दोन्ही प्रतिक्रिया एकाच कारणाने फसतात. निरोपाचे पत्र आपण थेट हृदयातून कागदावर उतरलेले सत्य समजून वाचतो. ते पत्र कोणाच्या नजरेखालून गेले, त्यात काय लिहिण्यास मुभा होती आणि असंख्य पत्रांतून नेमके तेच आपल्यापर्यंत कोणी आणले, हे आपण विचारत नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे प्रश्न टाळता येत नाहीत. ११ मे १९४५ या एकाच दिवसाच्या आधाराने ते मांडते.

४/ आधी पार्श्वभूमी. १९४४ च्या ऑक्टोबरात फिलिपिन्समध्ये व्हाइस ॲडमिरल ओनिशी ताकिजिरो यांनी विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या तुकड्या उभ्या केल्या. २५ ऑक्टोबर रोजी अशा हल्ल्यात अमेरिकेची 'सेंट लो' ही विमानवाहू नौका बुडाली. अधिकृत नाव होते 'विशेष हल्ला दल', जपानी संक्षेपात 'तोक्को'. 'कामिकाझे' म्हणजे दैवी वारा. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल आरमाराची वाताहत करणाऱ्या वादळांची आठवण त्या शब्दात आहे.

५/ त्या पहिल्या तुकडीचा नेता होता लेफ्टनंट सेकी युकिओ. उड्डाणापूर्वी एका युद्धवार्ताहराजवळ त्याने मन मोकळे केले. आपल्यासारख्या कसलेल्या वैमानिकालाच मारावे लागत असेल तर जपानचे भवितव्य अंधारात आहे, आणि आपण सम्राटासाठी नव्हे तर पत्नीसाठी जात आहोत, अशा अर्थाचे ते बोलणे होते. वृत्तपत्रांनी मात्र त्याला युद्धदेव ठरवले. म्हणजे पहिल्याच दिवसापासून जाणाऱ्याचे शब्द आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या तोंडी घातलेले शब्द यांत अंतर होते.

६/ १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी फौजा ओकिनावावर उतरल्या. क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाकडील चिरान हे चहाच्या मळ्यांचे गाव लष्करी 'तोक्को' उड्डाणांचा मुख्य तळ झाले. तेथून ओकिनावा सुमारे ६५० किलोमीटर, म्हणजे दोन तासांहून अधिक उड्डाण. वाटेत काइमोन पर्वताचे सुळकेदार शिखर दिसे. जपानच्या मुख्य बेटांचे तेच शेवटचे दर्शन. ओकिनावाच्या लढाईत अशा हल्ल्यांत लष्कराचे १,०३६ जण गेले. त्यांतील ४३९ चिरानहून निघाले होते. नौदलाच्या तुकड्या वेगळ्या. युद्ध संपेपर्यंत दोन्ही दलांचे मिळून जवळजवळ ४,००० वैमानिक या मार्गाने गेले.

७/ चिरानला आज शांतता संग्रहालय आहे. तेथे १,०३६ छायाचित्रे आणि अनेक पत्रे आहेत. त्यांतील एक पत्र फार प्रसिद्ध आहे. कॅप्टन कुनो मासानोबु याने पाच वर्षांच्या मुलासाठी आणि दोन वर्षांच्या मुलीसाठी ते लिहिले. जपानी मुले तेव्हा काताकाना अक्षरे प्रथम शिकत, म्हणून मुलाला वाचता यावे यासाठी त्याने सारे पत्र त्याच अक्षरांत लिहिले. बाबा दिसणार नाहीत, तरी ते तुमच्याकडे पाहत राहतील, आईचे ऐका, असा त्याचा आशय. २४ मे १९४५ रोजी तो गेला.

८/ अशी अनेक पत्रे ओळीने वाचली की एक साचा उमटू लागतो. आरंभी आईवडिलांनी वाढवल्याबद्दल कृतज्ञता, मग त्यांच्याआधी जाण्याच्या अपराधाबद्दल क्षमायाचना. निवड झाल्याचा अभिमान, हसतमुखाने जाण्याची ग्वाही, धाकट्या भावंडांना आईवडिलांना जपण्याची विनंती. अनेकदा सोबत केसांची बट आणि कापलेली नखे, कारण अंत्यविधीसाठी देह मिळणार नव्हता.

९/ साचा आहे म्हणून पत्र खोटे, असे मुळीच नाही. आपल्याकडे 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे लिहिणाऱ्या मुलाचा आदर खोटा नसे. साच्यामुळे जड गोष्ट लिहिणे सोपे होते आणि वाचणाऱ्यालाही आधार मिळतो. मात्र साचा कोणत्या गोष्टीला जागा देतो आणि कोणत्या गोष्टीला देत नाही, हे पाहिले पाहिजे. 'मला जायचे नाही' या वाक्याला त्या साच्यात जागा नव्हती.

१०/ त्यात सेन्सॉरची भर. तळावरून जाणारी पत्रे वरिष्ठांच्या नजरेखालून जात. आईने ती उघडण्याआधी अधिकाऱ्याने उघडलेली असत, आणि लिहिणाऱ्याला हे ठाऊक असे. म्हणूनच चिरानमध्ये एक समांतर टपाल सुरू झाले. तोरिहामा तोमे या बाईंची तेथे खानावळ होती. मुले तिला आई मानत. सेन्सॉरला चुकवून काही वैमानिक आपली पत्रे तिच्याकडे सोपवत आणि ती गुपचूप टपालात टाकी. एकाच गावातून, एकाच आठवड्यात, दोन वाटांनी निरोप जात होते.

११/ आता १० मे १९४५ च्या संध्याकाळकडे वळू. पहिला निरोप उएहारा र्योजी याचा, वय २२. नागानो प्रांतातील डॉक्टरांचा मुलगा, टोकियोच्या केइओ विद्यापीठात अर्थशास्त्राचा विद्यार्थी. १९४३ च्या शरद ऋतूत सरकारने विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून मिळणारी सवलत काढून घेतली. विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यकाचे विद्यार्थी वगळले गेले. कला, कायदा, अर्थशास्त्राचे भरती झाले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी टोकियोत भर पावसात त्यांचा निरोपसमारंभ झाला. उएहारा त्याच डिसेंबरात सैन्यात दाखल झाला.

१२/ उएहाराने आईवडिलांना लिहिलेले निरोपाचे पत्र उपलब्ध आहे. आरंभ साच्यातलाच: काही कमी पडू न देता तुम्ही मला वाढवलेत, मी सुखी होतो, उपकार फेडू शकलो नाही. पुढे तो मृत्यूचे भय वाटत नसल्याचे म्हणतो, पण कारण वेगळे देतो. त्याचा मधला भाऊ नौदलात डॉक्टर होता आणि १९४३ मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये मारला गेला होता. स्वर्गात त्याची भेट होईल, हीच आपली ओढ असल्याचे उएहारा लिहितो. या कारणात सम्राट नाही आणि साम्राज्यही नाही.

१३/ आणि मग पत्र साच्याबाहेर पडते. आपल्याला उदारमतवादाची ओढ होती आणि जपान खरोखर टिकायचा असेल तर त्याला उदारमतवाद हवा, असे तो आईवडिलांना स्पष्ट लिहितो. देशाला एकाधिकारशाहीच्या मनःस्थितीने वेढले असल्यामुळे हे विचार आज मूर्खपणाचे वाटतील, हेही त्याला ठाऊक आहे. गणवेशातला मुलगा घरच्यांना हे सांगतो तेव्हा तो एक मोठा धोका पत्करत असतो.

१४/ पत्राच्या अखेरीस एक अगदी घरगुती सूचना आहे. आपल्या उजव्या खणात एक पुस्तक ठेवले आहे. खण उघडला नाही, तर डावीकडचा खण उघडून खिळा उपसा आणि पुस्तक बाहेर काढा. मला या सूचनेपाशी नेहमी थांबावे लागते. वीरमरणाच्या वर्णनांत खणाला मारलेला खिळा येत नाही. घर सोडताना या मुलाने एक वस्तू लपवली होती आणि आपण गेल्यावरच ती सापडावी अशी तजवीज केली होती.

१५/ ते पुस्तक इतिहासकार हानी गोरो यांनी इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांच्यावर लिहिलेले होते. क्रोचे म्हणजे १९२५ मध्ये मुसोलिनीविरोधी विचारवंतांचे जाहीरपत्र लिहिणारे उदारमतवादी. जपान इटलीचा मित्रदेश असताना हा विद्यार्थी क्रोचे वाचत होता. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्याने घरच्यांसाठी मजकूर लिहिला होता. शिवाय आतल्या पानांवरील सुटी अक्षरे वर्तुळांनी खुणावली होती. ती ओळीने जुळवली की एका मुलीसाठीचा निरोप वाचता येतो. तिच्यावर आपले प्रेम होते, हे त्याला उघड सांगता आले नव्हते.

१६/ १० मेच्या रात्री चिरानमध्ये युद्धवार्ताहर ताकागी तोशिरो यांनी त्याला काही लिहून देण्याची विनंती केली. त्याने लिहिलेला मजकूर 'शोकान', म्हणजे 'मनोगत', या नावाने ओळखला जातो. हा कागद सेन्सॉरच्या वाटेने गेला नाही. ताकागींनी तो जपला आणि युद्धानंतर तो घरी पोहोचला. गंमत पाहा. पहिले वाक्य पूर्ण साच्यातले आहे: या दलात निवड झाली हा केवढा गौरव! त्यानंतर सूर पालटतो.

१७/ माणसाची स्वातंत्र्याची प्रवृत्ती दडपली तरी अखेर तीच जिंकते, असे तो मांडतो. फॅसिस्ट इटली कोसळली, नाझी जर्मनीही हरली. एकाधिकारी राष्ट्रे पाया खचलेल्या इमारतींसारखी एकामागून एक ढासळत आहेत. जर्मनीच्या शरणागतीला तेव्हा दोन-तीनच दिवस झाले होते. स्वतःच्या कामाबद्दल तो लिहितो की, वैमानिक हे दांडा धरणारे यंत्र आहे. त्याला व्यक्तिमत्त्व नाही, भावना नाहीत. लोहचुंबकातला तो लोखंडाचा एक कण. उद्या एक उदारमतवादी या जगातून जाईल, या आशयाने तो शेवट करतो.

१८/ एक तारीख ध्यानात ठेवा. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी माजी पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांनी पराभव अटळ असल्याचे सम्राटाला निवेदनाद्वारे कळवले होते. म्हणजे चिरानच्या त्या रात्रीच्या जवळजवळ तीन महिने आधी, राज्याच्या सर्वोच्च स्तरावर ही गोष्ट बोलली गेली होती. उएहाराने जे ओळखले ते त्याच्या वरिष्ठांनाही ठाऊक होते. त्याला उड्डाण करावे लागले, कारण ठरवणारे आणि उडणारे वेगळे होते.

१९/ दुसरा निरोप त्याच संध्याकाळचा, त्याच गावातला. तोमेबाईंच्या खानावळीत मित्सुयामा फुमिहिरो नावाचा २४ वर्षांचा वैमानिक आला. त्याचे खरे नाव ताक् ग्योंग-ह्योन. तो कोरियन होता. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि १९४० पासून कोरियनांना जपानी नावे घेण्यास भाग पाडले जात होते. आपल्या देशाचे गाणे म्हणतो, असे सांगून त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि 'आरिरांग' हे कोरियन लोकगीत गायले. तोमे आणि तिच्या मुली रडल्या. ११ मे रोजी तोही गेला.

२०/ ताक्ची आई आधीच वारली होती. त्याच्या भाषेत लिहिलेले निरोपाचे पत्र सेन्सॉरने पुढे जाऊ दिले असते का, हा प्रश्न आपण विचारू शकतो. त्याचा निरोप कागदावर उतरला नाही. एका बाईच्या आठवणीत तो राहिला म्हणून आपल्याला कळला. चिरानच्या १,०३६ जणांत ११ कोरियन होते. २००८ मध्ये कोरियात त्याच्या जन्मगावी स्मृतिशिला उभारण्याचा बेत स्थानिक विरोधामुळे बारगळला. जपानसाठी मेलेल्याची शिला येथे नको, असे लोकांचे म्हणणे होते. 'देशासाठी प्राण दिले' हे वाक्य त्याला कोणत्या देशाच्या नावाने लावायचे?

२१/ तिसरा निरोप ११ मेच्या सकाळचा. नौदलाच्या कानोया तळावरून निघालेल्या दोन विमानांनी 'बंकर हिल' या अमेरिकी विमानवाहू नौकेला अर्ध्या मिनिटाच्या आसपासच्या अंतराने धडक दिली. दुसऱ्या विमानात ओगावा कियोशी होता, वासेदा विद्यापीठाचा २२ वर्षांचा विद्यार्थी. एका अमेरिकी खलाशाला त्याच्या अंगावरील काही वस्तू मिळाल्या: नावाची पट्टी, छायाचित्रे, एक पत्र. त्या खलाशाच्या मृत्यूनंतर त्याच्या नातवाला त्या घरात सापडल्या, आणि २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्या ओगावाच्या नातलगांच्या हाती देण्यात आल्या.

२२/ ही परतफेडीची कथा हृद्य आहे आणि ती खूप सांगितली जाते. पण त्या सकाळी 'बंकर हिल'वर जवळजवळ चारशे माणसे मेली. अनेक जण धुराने गुदमरून गेले. त्यांची अखेरची पत्रे संग्रहालयात का दिसत नाहीत? कारण आपण आज मरणार आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. निरोप लिहिण्याची संधी ज्याला मृत्यूचा दिवस सांगितला जातो त्यालाच मिळते. ओकिनावाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. गुहांत, शेतांत, रस्त्यांवर मेलेल्या त्या माणसांनीही पत्रे लिहिली नाहीत. केवळ पत्रांवर दुःख मोजले तर या सर्वांचे दुःख शून्य भरेल.

२३/ आता निवडीचा प्रश्न. उएहारा आज प्रसिद्ध का? १९४९ मध्ये मृत विद्यार्थी-सैनिकांच्या लेखनाचा एक संग्रह जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'सागराचा आवाज ऐका' असा. तो प्रचंड खपला. पुढील आवृत्त्यांत उएहाराचे 'मनोगत' प्रारंभीच येते. प्रस्तावनेत वातानाबे काझुओ यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे की, कट्टर राष्ट्रवादी मजकूरही छापावा असे आपले आधी मत होते, पण पुढे तो वगळण्याचे इतरांचे म्हणणे आपण मान्य केले.

२४/ त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पराभवाला चारच वर्षे झाली होती आणि तो मजकूर पुन्हा युद्धज्वर पसरवील असे त्यांना वाटले. पण परिणाम असा की, त्या पुस्तकात चिंतनशील, तत्त्वज्ञान वाचणारे तरुण अधिक दिसतात. अराकीसारखी, शाळेतून थेट प्रशिक्षणात गेलेली सतरा-अठरा वर्षांची मुले त्यात नाहीत. उलट काही स्मारकांत केवळ राष्ट्रार्पणाची भाषा पुढे येते. दोन्हीकडे पत्रे खरीच आहेत. मात्र चाळणी वेगळी, म्हणून चित्रही वेगळे.

२५/ एक हमखास आक्षेप: "पण ते तर स्वयंसेवक होते!" अनेक ठिकाणी वैमानिकांना कागद देऊन 'उत्कट इच्छा', 'इच्छा', 'इच्छा नाही' यांतून निवडण्यास सांगितले जाई. सोबती, वरिष्ठ आणि गावाची प्रतिष्ठा भोवती असताना तिसऱ्या पर्यायाची किंमत काय, हे सांगायला नको. इंजिनात बिघाड होऊन परतलेल्या लष्करी वैमानिकांना फुकुओका येथील 'शिन्बु' वसतिगृहात कोंडून ठेवून त्यांची निर्भर्त्सना केली जाई. घरी निरोप गेला की जिवंत राहणे हाच अपराध ठरत होता.

२६/ तरीही हे सारे बाहुले होते असे म्हणणे मला पटत नाही. क्योटो विद्यापीठाचा हायाशी इचिझो ख्रिस्ती होता. लहानपणीच वडील गेले, आईने वाढवले. तळावर तो बायबल आणि किर्केगॉर वाचत असे. आईला लिहिलेल्या पत्रांत तिच्या कुशीत शिरण्याची ओढ आणि कर्तव्याची ग्वाही शेजारी-शेजारी आहेत. १२ एप्रिल १९४५ रोजी तो गेला. मुले विचार करत होती, शंका घेत होती, घाबरत होती आणि शेवटी विमानात चढत होती. त्यांच्यातल्या एकालाच ठळक करून 'वीर' किंवा 'माथेफिरू' ठरवले की बाकीचा माणूस हातातून निसटतो.

२७/ येथे आपली भाषाही तपासावी लागते. मराठीत आपण सहज लिहितो, 'त्यांनी प्राण दिले'. पण मराठीतच 'प्राण गेले' आहे आणि 'प्राण घेतले' आहे. 'बलिदान' या शब्दात बळी कोणी दिला हे झाकले जाते. 'आत्मघातकी' म्हटले की सारा निर्णय मरणाऱ्याच्या माथी जातो आणि हुकूम देणारा वाक्याबाहेर राहतो. ओनिशी यांनी १६ ऑगस्ट १९४५ रोजी मृत वैमानिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागणारी चिठ्ठी ठेवून जीवन संपवले. लष्कराच्या सहाव्या हवाई सेनेचे प्रमुख सुगाहारा मिचिओ १९८३ पर्यंत जगले. चिरानची मुले त्यांच्या हुकमाखाली उडाली होती. क्रियापद निवडताना कर्ता कोण, हे विसरू नये.

२८/ म्हणून असे पत्र पुढे आले की चार गोष्टी विचाराव्यात, असे मी सुचवते. ते कोणत्या वाटेने घरी पोहोचले: अधिकाऱ्याच्या टेबलावरून की खानावळीतून? त्यातला साच्याचा भाग कोणता आणि साचा कोठे तडकतो? ते आपल्यासाठी कोणी निवडले आणि कशासाठी? त्याच दिवशी पत्र न लिहिता कोण मेले? नाव आणि तारीख नसलेले पत्र असेल तर ते पुढे पाठवण्याआधी थांबावे. २०१४ मध्ये चिरानची पत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत जावीत असा अर्ज स्थानिक प्रशासनाने केला, त्यावरून शेजारी देशांत नाराजी उमटली आणि जपानच्या समितीने तो निवडला नाही. सारा वाद याच प्रश्नांभोवती फिरत होता.

२९/ असे वाचल्याने भावना बोथट होते, असे काहींना वाटेल. माझा अनुभव उलट आहे. एप्रिल १९४५ मध्ये उएहारा शेवटचा घरी आला. युद्धात मेलो तरी मी यासुकुनी देवस्थानी जाणार नाही, स्वर्गात जाईन, असे त्याने बहिणींना सांगितल्याची आठवण आहे. युद्धात मेलेला प्रत्येक सैनिक यासुकुनीत देव होतो, ही राज्याची शिकवण होती. स्वतःच्या मरणानंतरचा पत्ता त्याने स्वतः ठरवला. जाताना पुलापलीकडून वळून त्याने मोठ्याने तीनदा निरोप घेतला, असे घरच्यांनी पुढे सांगितले. एरवी तो असे ओरडणारा नव्हता. आईने काय ओळखायचे ते ओळखले.

३०/ त्या घरातील थोरला मुलगाही लष्करी डॉक्टर होता. तो ब्रह्मदेशात आजाराने गेला. तीन मुलगे, तिघेही युद्धात संपले. वडील डॉक्टर, मोठे दोघे डॉक्टर, आणि धाकटा एकाधिकारशाही हरणार हे लिहून तिच्याच विमानात बसलेला. या कुटुंबाला 'गौरवशाली' म्हणायला माझी लेखणी धजत नाही, आणि 'वेडे' म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्या रात्री उएहारा माझ्याहून वयाने लहान होता. त्याने लपवलेले पुस्तक घरच्यांनी शोधावे एवढीच त्याची मागणी होती. आपणही त्याच्या वाक्यांकडे तेवढ्याच कष्टाने जावे.

३१/ धागा येथे थांबवते. अशी पत्रे शाळांतून, समारंभांतून देशभक्तीचा धडा म्हणून वाचावीत की नाही, याबद्दल तुमचे मत जरूर लिहा. माझे मत: वाचावीत, पण एकटी वाचू नयेत. कुनोच्या पत्राशेजारी उएहाराचे 'मनोगत' ठेवावे, ताक्चे गाणे सांगावे आणि 'बंकर हिल'चा आकडाही सांगावा. मतभेदाचे स्वागत आहे; फक्त लिहिताना नाव आणि तारीख द्यावी. (समाप्त)